पिकअपला नवी बॅटरी: कोणती परवडते, कोणती टिकते

पहाटे मार्केट यार्डाला निघालेली पिकअप बॅटरीमुळे अडली, तर बॅटरीच्या किमतीपेक्षा बुडालेलं भाडं जास्त लागतं. म्हणून इथली तुलना दोन गोष्टींवर केली आहे: बॅटरी महिन्याला किती रुपयांना पडते आणि वॉरंटीत ती खरोखर बदलून मिळते का. उदाहरणं बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा या डिझेल गाड्यांची आहेत. छोटा हत्ती (टाटा एस) किंवा अशोक लेलँड दोस्तची बॅटरी लहान असते, पण निवडीचे नियम हेच.

आधी बॅटरीच गेली आहे का ते बघा

सेल्फ जड फिरतो म्हणून बदललेल्या कितीतरी बॅटऱ्या चांगल्या असतात. साधा डिजिटल मीटर असला की दहा मिनिटांत कळतं. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी सेल्फ मारण्याआधी व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. नुकतीच चालवून आणलेली गाडी असेल, तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा, नाहीतर आकडा फसवा येतो.

मग सेल्फ मारताना मोजा. चार्ज असलेली बॅटरी सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना थोड्या रेसवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. त्यापेक्षा कमी असतील तर बेल्ट किंवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) बघा. १४.८ च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, आणि तो तसाच ठेवला तर नवी बॅटरीही उकळून मरेल.

शेवटची तपासणी सहसा कोणी करत नाही, आणि सगळ्यांत जास्त पैसे तिथेच वाचतात. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (टर्मिनलला), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे निगेटिव्हला इंजिन-बॉडीशी जोडणारी पट्टी, गंजली आहे. पट्टी साफ करून किंवा बदलून पुन्हा सेल्फ मारून बघा, मगच बॅटरीचा विचार करा.

गॅरेजमध्ये अजून एक सवय दिसते: डायनॅमो चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढतात. सीआरडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या डिझेल गाडीत हे कधीही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा थेट ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो.

मापात बसणारी कोणती

या वर्गातल्या डिझेल पिकअपना साधारण ६५ ते ८० अँपिअर-अवरची बॅटरी लागते. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात आणि जुन्या बॅटरीवर छापलेलं असतं. दोन पद्धतींचे कोड दिसतील. ‘८०डी२३एल’सारखा कोड जपानी पद्धतीचा: डी म्हणजे रुंदी साधारण १७३ मिलिमीटर, २३ म्हणजे लांबी साधारण २३ सेंटिमीटर, एल किंवा आर म्हणजे खांबांची बाजू. ‘डिन ७४’सारखा कोड जर्मन पद्धतीचा. ती बॅटरी ठेंगणी असते, लांबी साधारण २७.८ सेंटिमीटर, आणि ती खालच्या कडेला पकडून बसते. जपानी मापाची बॅटरी मात्र वरून पट्टी टाकून आवळतात. त्यामुळे अँपिअर जुळले तरी एकीच्या जागी दुसरी नीट पकडली जात नाही, आणि हलणारी बॅटरी कच्च्या रस्त्यावर प्लेटांवरचा मसाला (रासायनिक लेप) झाडते. एलच्या जागी आर घेतली तर केबल पोचत नाही. मग कोणीतरी ती ओढून लावतो आणि काही महिन्यांत ती घासून शॉर्ट होते.

अँपिअर-अवर हा साठ्याचा आकडा आहे. डिझेल इंजिन फिरवण्यासाठी सीसीए, म्हणजे थंडीत एका झटक्यात मिळणारा करंट, महत्त्वाचा. तो जुन्या बॅटरीपेक्षा कमी नको. जागेत बसत असेल तर थोडी मोठी बॅटरी चालते, मात्र दिवसभर दोन-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीत ती कधीच पूर्ण चार्ज होत नाही आणि अर्धवट चार्जवर प्लेटांवर सल्फेट बसतं.

कंपनीची, सीलबंद की लोकल

झाकणं उघडणारी, पाणी घालायची बॅटरी. स्वस्त पडते, उन्हाळा त्यातल्या त्यात सहन करते आणि एखादा सेल बिघडला तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावून समजतो. सगळे सेल १.२५० च्या आसपास असताना एकच १.१५० दाखवत असेल, तर तो सेल गेला. मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघावं लागतं. नागपूर, अकोला, जळगावकडे ४५ अंशांच्या उन्हात इंजिनशेजारची बॅटरी त्याहून तापते आणि पाणी पटकन घटतं. ज्याच्या गाडीवर एकच ठरलेला ड्रायव्हर आहे आणि तो बॉनेट उघडतो, त्याने हीच घ्यावी.

सीलबंद, मेंटेनन्स-फ्री. किंमत जास्त, पाण्याची कटकट नाही, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर कमी बसतो. गाडी वेगवेगळ्या ड्रायव्हरांकडे फिरत असेल तर हे जास्तीचे पैसे वसूल होतात. रेग्युलेटर मात्र ठीक हवा. जास्त चार्जिंगमध्ये उडालेलं पाणी यात परत घालता येत नाही.

ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार सेल्फ सोसणारी महाग बॅटरी, घ्यायची वेळ सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणारी यंत्रणा असलेल्या गाडीतच येते. तिथे साधी बॅटरी लावली तर लवकर खराब होते. बाकीच्या पिकअपना तो खर्च नको.

लोकल असेंबल किंवा ‘रिकंडिशन’ बॅटरी. दुकानात हिचाच आग्रह होतो, कारण किंमत ऐकून माणूस विरघळतो. हिशोब करा. समजा कंपनीची बॅटरी ७,२०० ला मिळाली आणि ३६ महिने चालली, तर महिन्याला २०० रुपये. लोकल ४,००० ला मिळाली आणि १० महिने चालली, तर महिन्याला ४००. शिवाय मध्येच अडल्यावर टोइंग आणि नासलेला माल वेगळा. जुन्या डब्यात नव्या-जुन्या प्लेटा एकत्र भरलेल्या असतील तर सेल एकसारखे राहत नाहीत, आणि सहापैकी एक कमजोर सेल सगळी बॅटरी पाडतो. चार दिवस निभवायचे असतील तर ठीक, रोजच्या भाड्याच्या गाडीला नको.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीला लावू नका. तिच्या जाड प्लेटा सावकाश करंट देण्यासाठी असतात, सेल्फचा झटका त्यांना झेपत नाही.

ब्रँडपेक्षा सिरीज आणि कार्ड

एक्साईड, अमरॉन, टाटा ग्रीन आणि एक्साईडचाच दुसरा ब्रँड एसएफ सॉनिक यांच्यात, योग्य सिरीज घेतली तर, रोजच्या वापरात मोठा फरक जाणवू नये. फरक सिरीजमध्ये आहे. एक्साईडची ‘एक्सप्रेस’ आणि अमरॉनची ‘हायवे’ व्यापारी गाड्यांसाठी आहेत. कारची सिरीज वॉरंटी कार्डावर जास्त महिने दाखवते म्हणून दुकानदार ती पुढे करतो. पण व्यापारी वापराची वॉरंटी बऱ्याचदा वेगळी आणि कमी असते. पिवळ्या पाटीच्या गाडीला किती महिने, हे कार्डावर वाचा, आणि बिलावर गाडीचा नंबर व बॅटरीचा सिरियल नंबर लिहून घ्या. क्लेम अडतो तो बहुधा इथेच.

कार्डावरच्या ‘१८ + १८’ याचा अर्थ पहिले १८ महिने फुकट बदल, पुढचे १८ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत सवलत. ही सवलत एमआरपीवर मोजली जाते आणि बाजारात बॅटरी एमआरपीच्या खालीच मिळते, म्हणून दुसऱ्या भागाचा खरा फायदा थोडाच. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना पहिला आकडा धरा. ‘२४ + १२’ ही ‘१८ + १८’ पेक्षा उजवी.

टाटा ग्रीन रांजणगावात बनते, एक्साईडचा एक कारखाना चिंचवडला आहे, अमरॉन आंध्रातून येते. त्यावरून ताजी कोणती हे ठरत नाही. ते डीलरचा माल किती फिरतो यावर ठरतं.

दुकानात

बॅटरीवरचा बनवल्याचा महिना विचारा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नाकारा. मीटर लावून १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. ‘चालवल्यावर चार्ज होईल’ हे मान्य करू नका. एकाच मापाच्या दोन बॅटऱ्यांत निवड अडली तर वजनकाट्यावर ठेवा. शिसं कमी घातलेली बॅटरी हलकी भरते, छापील आकडे काहीही असोत.

भाव नेहमी ‘जुनी देऊन’ आणि ‘जुनी न देता’ असे दोन्ही विचारा. जुन्या बॅटरीतल्या शिशाला चांगला दर असतो, ती भंगारवाल्याला कवडीमोल देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. दुकानदार त्याआधीची एमआरपी दाखवून सवलत सांगत असेल तर नवा दर मागा.

बसवताना

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. उलट केलं तर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळवा. क्लॅम्प खांबावर ठोकू नका, आतला जोड तुटतो. आवळल्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावा आणि पकडपट्टी हाताने हलवून बघा.

सगळं बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि वायर व खांब यांच्या मध्ये मीटर जोडा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर जीपीएस, टेप किंवा नंतर जोडलेले एलईडी एकेक काढून चोर शोधा. नुसते ५० मिलिअँपिअर दिवसाला १.२ अँपिअर-अवर खातात. ७० ची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत निम्मी होते.

पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं, आरओचं किंवा ॲसिड कधीच नाही. आणि पातळी गाडी चालवून आणल्यावर खुणेपर्यंत भरा. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येऊन ट्रे आणि चेसिस खातं.