सव्वा इंच भोकाची पेटी: पाचपैकी चार तारे

लेकीच्या कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीकच्या घरामागे लाइव्ह ओकचं जुनं झाड आहे. जानेवारीत आल्या आल्या तिला 38 डॉलरची सीडरची पक्ष्यांची पेटी मागवायला लावली. खोका उघडला आणि मी वैतागलेच, पेटीपुढे बसायला काडीच नाही! परत पाठवा म्हणत होते. जावई म्हणाले, "आई, काडी मुद्दाम नसते. पिल्लं पळवणाऱ्याला ती उभं राहायला आयती जागा होते."

भोक शिवणाच्या टेपने मोजलं. सव्वा इंच. एवढ्यातून घरचिमणी सहसा शिरत नाही, ओक टिटमाउस हा इथला छोटा पक्षी शिरतो. आम्हाला तोच हवा होता.

दिसायला म्हणाल तर काहीच नाही. अंगभर राखाडी-तपकिरी, ना ठिपका ना पट्टा. 1990च्या दशकापर्यंत त्याला 'प्लेन टिटमाउस'च म्हणायचे. पण डोक्यावर आखूड शेंडी आहे हो! खार जवळ आली की ती अशी उभी राहते की आपला बुलबुल आठवावा. सूर्यफुलाची बी पायाखाली धरून, खलबत्त्यात वेलची कुटावी तशी ठोकून फोडतो. जोडी हिवाळ्यातही कुठे जात नाही, बारा महिने त्याच झाडांवर. माझा मुक्काम सहाच महिन्यांचा.

मार्चमध्ये मादी शेवाळ नेऊ लागली. मग शेरूला विंचरून निघालेले केस कुंपणावर ठेवले, तेही गेले. अंडी उबवायला ती एकटीच बसते, नर अळ्या आणून भरवतो. नातवाने एकदा पेटीवर टकटक केली तर आतून सापासारखं 'फुस्स' आलं. पोरगं थेट स्वयंपाकघरात.

आता तक्रार. सोबतचे स्क्रू अगदी तकलादू, एकाची मुंडी फिरवतानाच तुटली. बाजूचं दार नीट बसत नाही, मी तारेने बांधलंय. एवढे पैसे घेऊन हे बरं नव्हे. एक तारा त्यासाठी कापला. लाकूड मात्र चांगलं, पावसात फुगलं नाही, आणि तळाला पाणी निघायला भोकंही आहेत.

पिल्लं उडाली तेव्हा मी नेमकी आंघोळीला. जूनमध्ये तार सोडून पेटी झाडली, तर खाली पडलं ते गवत, शेवाळ आणि शेरू.