एमएचडीटी ऑर्किड: ट्यूब बदलण्याआधी करायची कामं

तैवानच्या एमएचडीटी लॅबचा ऑर्किड हा एकाच व्हॅक्यूम ट्यूबचा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचं अॅनालॉगमध्ये रूपांतर करणारं यंत्र आहे. आत फिलिप्सची टीडीए१५४१ए ही १६ बिटची चिप, तिच्या आधी कुठलाही ओव्हरसॅम्पलिंग फिल्टर (मोजलेल्या बिंदूंच्या मधले बिंदू हिशेबाने भरणारा) नाही, आणि नंतर बफर म्हणून, म्हणजे सिग्नल पुढच्या यंत्राला पेलेल असा देणारा टप्पा म्हणून, ५६७० ही नऊ पिनांची दुहेरी ट्रायोड (एकाच काचेत दोन ट्यूब). डिजिटल सिग्नल यूएसबी, कोअॅक्सिअल, बीएनसी किंवा ऑप्टिकलमधून द्यायचा आणि आरसीएमधून अॅम्प्लिफायरला न्यायचा. स्क्रीन, रिमोट, हेडफोनचं सॉकेट यांतलं काही नाही. किंमत हजार डॉलरच्या पुढे जाते आणि भारतात मागवलात तर वर कस्टम ड्यूटी. एवढे पैसे घालणाऱ्याला पहिली खाज सुटते ती ट्यूब बदलायची. ते काम सर्वात शेवटी करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण ऑर्किडच्या आवाजाचं श्रेय बहुतेक जण ट्यूबला देऊन टाकतात, आणि त्यातला मोठा वाटा चिपचा आणि फिल्टर नसण्याचा असतो. असा फिल्टर नसलेला, म्हणजे नॉन-ओव्हरसॅम्पलिंग, डॅक प्रत्येक सॅम्पल (आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप) पुढचा येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे आउटपुटला जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहर येते. या पायऱ्यांमुळे वरच्या फ्रिक्वेन्सी आपोआप दबतात. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १० किलोहर्ट्झवर साधारण पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झवर ३.२ डेसिबल कमी. ज्याला लोक ‘ट्यूबचा गोडवा’ म्हणतात त्यातला बराचसा हाच उतार आहे. गायकाचा आवाज, सारंगी, बासरी यांना तो मानवतो. झांज, मंजिरा, तबल्याच्या चाटीवरची कड यांना थोडा मारतो.

हा उतार नको असेल तर ट्यूब बदलून काही होणार नाही. संगणकावरच्या प्लेअरमध्ये ४४.१ चं १७६.४ किलोहर्ट्झ करा. बरोबर चौपट, त्यामुळे हिशेब सरळ राहतो. २० किलोहर्ट्झवरची घट ३.२ वरून जेमतेम ०.२ डेसिबलवर येते. ८८.२ केलंत तर पाऊण डेसिबल उरते. मग ऐकून ठरवा. काहींना मूळ उतारच आवडतो, आणि तो आवडणं यात चूक काहीच नाही, पण आपल्याला नक्की काय आवडलं ते कळलेलं बरं. ऑप्टिकल केबलवर मात्र ९६ च्या पुढे बऱ्याच जोडण्या अडखळतात, तेव्हा १७६.४ साठी यूएसबी किंवा कोअॅक्सिअल वापरा.

दुसरी गोष्ट बिटांची. इनपुटने २४ बिटची फाइल स्वीकारली तरी चिपला १६ च बिट घेता येतात. उरलेले ८ नुसते कापले गेले तर अगदी हळू स्वर संपतानाचा भाग, म्हणजे तानपुऱ्याचा शेवटचा झंकार किंवा सभागृहाची गुंज, खरखरीत होतो. फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये आउटपुट १६ बिट ठेवून डिदर (कापल्याची खरखर झाकण्यासाठी मिसळलेला अगदी बारीक आवाज) चालू करा. फुकटात होणारी ही सुधारणा महागड्या ट्यूबपेक्षा जास्त ऐकू येते. त्याच कारणाने संगणकातला व्हॉल्यूम १०० वरच हवा. डिजिटल व्हॉल्यूम दर ६ डेसिबल खाली आणताना सुमारे एक बिट खातो. २४ डेसिबल उतरवलंत की १६ चे १२ बिट उरले. आवाज कमी-जास्त करायचा तो अॅम्प्लिफायरच्या नॉबने. अँड्रॉइड फोन जोडला तर बहुतेक फोन सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतात, म्हणून यूएसबी डॅकशी थेट बोलणारं अॅप लागतं. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून पुढे यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून आवाज पाठवण्याची प्रमाणित पद्धत) ची उपकरणं वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. मॅक आणि लिनक्सवर तो प्रश्न आधीपासूनच नव्हता.

आता विजेकडे या. परदेशातून, विशेषतः वापरलेला पीस आणलात तर प्लग लावण्याआधी तो २३० व्होल्टचा आहे ना हे मागच्या पट्टीवर पाहा आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या. ११५ व्होल्टवर जोडलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या घरच्या विजेवर काही क्षणात जातो आणि बरोबर बरंच काही नेतो. ५६७० च्या फिलामेंटला, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, करंट सुमारे ०.३५ अँपिअर. फिलामेंटचा पुरवठा रेग्युलेटेड नसेल, तर रात्री लाइन २५० ला चढली की ते ६.८५ व्होल्ट होतात. ट्यूबला १० टक्के चढउतार, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९ व्होल्ट, चालतो, तेव्हा हे काठावर आहे. उन्हाळ्यात लाइन १८० वर आली की पाचच्याही खाली, आणि अर्धवट तापलेला कॅथोडही (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होऊ शकतो. ज्या भागात व्होल्टेज असं हलतं तिथे चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. फ्रीजचा रिले स्टॅबिलायझर नको, त्याच्या प्रत्येक टकटकीला स्पीकरमध्ये फट् असा आवाज येतो.

स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं येत असेल तर ट्यूबवर संशय घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घूं गेली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह, आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल त्याच अॅम्प्लिफायरला जोडलेली असेल तर तीही काढून बघा. ऑप्टिकल केबलमध्ये तांबंच नसल्याने लॅपटॉपकडून येणारा लूप तिने तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवण्याचा उद्योग कधीही करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

हे सगळं जागेवर आल्यावर ट्यूब. ५६७० च्या जागी चालणाऱ्या जाती बऱ्याच आहेत: वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३९६ए, टंग-सोल किंवा बेंडिक्सची २सी५१, टेस्लाची ६सीसी४२ आणि रशियन ६एन३पी. यांच्या पिनांची मांडणी एकच आहे. ६९२२ आणि ईसीसी८२ म्हणजेच १२एयू७ या दिसायला तशाच, नऊच पिनांच्या, आणि सॉकेटमध्ये व्यवस्थित बसतातही, पण त्यांच्या आतल्या जोडण्या वेगळ्या. ५६७० चं फिलामेंट १ आणि ९ वर आहे, ६९२२ चं ४ आणि ५ वर. चुकून लावलीत तर नुसती ट्यूब जात नाही, बफरचा भागही जाऊ शकतो.

स्वस्तात वेगळा रंग ऐकायचा असेल तर ६एन३पी-ईव्ही घ्या. खर्जात भरीव, वर किंचित कोरडी. जीईची (जनरल इलेक्ट्रिकची) ५६७० सरळ आणि स्वच्छ. तिच्यात काही उणं नाही, आणि ज्याला ती आवडते त्याने पुढे खर्च करण्याचं कारणही नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३९६ए ने मधला भाग, म्हणजे माणसाचा गळा जिथे असतो तो, पुढे येतो आणि स्वराभोवती थोडी हवा जाणवते. फरक खरा आहे, पण तो स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढल्याने पडणाऱ्या फरकाहून लहान आहे. आधी स्पीकर ओढा.

जुन्या मालात घासून-पुसून नव्याने छापलेल्या ट्यूब भरपूर फिरतात. छापलेलं नाव पुसून पुन्हा छापता येतं, आतली रचना बदलता येत नाही. म्हणून आतल्या प्लेटचा आकार आणि अभ्रकाच्या चकत्या खात्रीच्या फोटोंशी ताडून पाहा. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधी पांढरा झालेला असेल तर हवा शिरलेली आहे, ती ट्यूब मेली. विक्रेत्याकडे दोन्ही अर्ध्या भागांची मोजमापं मागा. एकाच ट्यूबचा एक अर्धा डावा आणि दुसरा उजवा चॅनेल सांभाळत असल्याने ते सारखे नसतील तर गायक मधोमध उभा राहत नाही. आणखी एक गोंधळ: जाहिरातीत ‘एनओएस’ लिहिलेलं असतं तेव्हा ट्यूबच्या बाबतीत त्याचा अर्थ जुना पण न वापरलेला साठा, आणि डॅकच्या बाबतीत नॉन-ओव्हरसॅम्पलिंग. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

बदलताना आधी विक्रेत्याला विचारा की केस उघडल्याने वॉरंटी जाते का. मग बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, काच गार व्हायला आणि कपॅसिटर रिकामे व्हायला. प्लेटच्या, म्हणजे ट्यूबच्या जास्त व्होल्टेजच्या, पुरवठ्यात प्लग काढल्यावरही झटका देण्याइतकं व्होल्टेज उरू शकतं, म्हणून केस उघडल्यावर मल्टिमीटरने डीसी मोजून ते ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका, आणि मोजताना एक हात खिशात ठेवा. ट्यूब सरळ वर ओढा, अगदी थोडी डोलवत. जोरात तिरकी केली तर पिनांच्या मुळाशी काच तडकते. नवीन बसवताना १ आणि ९ या पिनांमधली मोठी फट सॉकेटच्या मोठ्या फटीसमोर आणा. पिना वाकलेल्या असतील तर बसवण्याआधी चिमट्याने सरळ करा. पिना काळ्या पडलेल्या असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिक पुरे. सॉकेटमध्ये तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसून पुढे करकर सुरू होते.

चालू केल्यावर अॅम्प्लिफायर लगेच जोडू नका. आउटपुटवर डीसी मोजा. ते काही मिलिव्होल्ट असायला हवं. व्होल्टच्या घरात असेल तर लगेच बंद. मग १०० हर्ट्झचा साइन टोन लावून दोन्ही चॅनेलचं एसी व्होल्टेज मोजा. साधा मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला नीट मोजत नाही, म्हणून १०० हर्ट्झ. एका बाजूला २.०० आणि दुसऱ्या बाजूला १.९५ व्होल्ट असेल तर फरक ०.२ डेसिबल, चालेल. १.८८ असेल तर अर्धा डेसिबल झाला, ती ट्यूब परत करा. शेवटी पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी. बारीक टण् ऐकू येणं स्वाभाविक आहे. घंटेसारखा लांबत गेला तर ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे हादरे आवाजात उतरवणारी, आहे आणि स्पीकरजवळ त्रास देणार.

तुलना करताना दोन्ही ट्यूब एकाच आवाजावर ऐका, ०.२ डेसिबलच्या आत. जास्त आवाजाची बाजू नेहमीच चांगली वाटते. नव्या ट्यूबला अर्धा तास तापू द्या आणि निर्णय आठवडाभर लांबवा.

कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) बदलण्याचा मोह होतो, त्याआधी एक साधा हिशेब. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० किलोओहमच्या अॅम्प्लिफायरसमोर १६ हर्ट्झवर ३ डेसिबल खाली येतो, ०.४७ चा ३४ हर्ट्झवर. तोच १ मायक्रोफॅरड ४७ किलोओहमसमोर ३.४ हर्ट्झवर. तबल्याच्या बायाचा (डग्ग्याचा) घुमारा पातळ वाटत असेल तर आधी अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे वरचा किलोओहमचा आकडा, पाहा, दोष तिथेच निघण्याची शक्यता मोठी. बदलायचाच असेल तर व्होल्टेजचं रेटिंग मूळच्यापेक्षा कमी कधीच नको, कारण ट्यूब थंड असताना कपॅसिटरवर प्लेटचा पूर्ण पुरवठा येऊ शकतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉलिप्रॉपिलिनचे चांगले कपॅसिटर मिळतात. पण सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर बोर्डवरचा तांब्याचा ठिपका उखडतो. टीडीए१५४१ए ला तर हात लावूच नका. तिचं उत्पादन केव्हाच बंद झालंय, आणि निवडक प्रतीच्या चिपवर असणारा मुकुटाचा छाप नव्याने मारलेल्या नकली चिप सर्रास विकल्या जातात. चालू असताना ती हाताला गरम लागते, कारण सुमारे ०.७ वॅट उष्णता तिच्यातून निघते. तो दोष नाही, पण म्हणूनच केसवर काही ठेवू नका आणि बंद कपाटात कोंबू नका.

रोजचा क्रम: डॅक आधी चालू, मिनिटभराने अॅम्प्लिफायर. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. उलटं केलंत तर कपॅसिटर भरतानाचा धक्का थेट वूफरला बसतो. रात्रंदिवस चालू ठेवण्याची गरज नाही. ट्यूबचं आयुष्य ५,००० तास धरलं तर रोज तीन तासांप्रमाणे साडेचार वर्षं जाते. पावसाळ्यात पंधरा दिवस वापरला नाही तर मध्ये तासभर चालू करा, आतली ओल निघून जाते. गरम जागा शोधत मुंग्या आणि पाली येतात. झाकणाला मोठ्या फटी असतील तर बारीक जाळी लावा, पण हवा जाईल इतकी मोकळी. राखीव ट्यूब एकच ठेवा, मोजून खात्री करून, तिच्याच खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकून. खोक्यावर तारीख आणि दोन्ही भागांचे आकडे पेनाने लिहा.