रस्ट: इंदूरच्या पायथनवाल्यानं शिकावी का?

रस्ट ही वेगासाठी ओळखली जाणारी प्रोग्रामिंग भाषा, आणि तिची किंमत शून्य. मोजायचा तो वेळ: रोज दोन तास धरले तर तीनेक आठवडे, आणि तोवर चारचौघांत दाखवण्यासारखं फारसं काही हाती येत नाही. म्हणून विजयनगर किंवा भंवरकुआंच्या एखाद्या क्लासची फी भरण्याआधी आपला रखडणारा पायथन प्रोग्राम सीप्रोफाइलखाली (वेळ कुठे जातो ते दाखवणारं पायथनचं साधन) चालवून बघा. वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जात असेल तर रस्टनं काडीचा फरक पडणार नाही. टेबलाला इंडेक्स लावा आणि विषय संपवा. निव्वळ लूपमध्ये, लाखो ओळी चाळण्यात जात असेल तर मात्र रस्ट कामाची.

रस्टअप या इन्स्टॉलरनं रस्ट इन्स्टॉल करणं सोपं आहे, पण विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचे सी++ बिल्ड टूल्स नसले की लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणारं साधन) सापडत नाही म्हणून पहिलाच प्रोग्राम अडतो. ते काही जीबींचं डाउनलोड आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं की भागतं. अधिकृत पुस्तक सोबतच येतं आणि 'रस्टअप डॉक'नं इंटरनेटशिवाय उघडतं.

खरी कसोटी त्याच्या चौथ्या प्रकरणात, ओनरशिपची, म्हणजे कोणता डेटा कोणत्या व्हेरिएबलच्या मालकीचा याची. एका व्हेरिएबलमधली स्ट्रिंग दुसऱ्यात ठेवली की पहिलं बाद. ते पुन्हा वापरलं की ई०३८२ ही चूक येते. सुरुवातीला बिनदिक्कत क्लोन (प्रत) करा. थोडी जादा मेमरी जाईल, पण डोकं शाबूत राहील. लाइफटाइमच्या (संदर्भ किती वेळ वैध ते सांगणाऱ्या) खुणा पहिल्या आठवड्यात अंगावर घेऊ नयेत.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: 'इंदूर'ची लांबी पायथन ५ सांगतो, रस्टचं लेन १५ सांगतं, कारण ते यूटीएफ-८ (मजकूर साठवण्याची पद्धत) चे बाइट मोजतं. ० ते २ बाइटांचा तुकडा कापायला गेलात तर प्रोग्राम तिथेच पॅनिक होऊन थांबतो. अक्षर मधोमध चिरायला रस्ट तयार नाही. कॅर्सनं, म्हणजे युनिकोड चिन्हं धरून, मोजलं तर ५. डोळ्यांना दिसणारी ३ अक्षरं हवी असतील तर युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट (रस्टची लायब्ररी) जोडावं लागतं. कटकट आहे, पण वागणं प्रामाणिक आहे.

'पायथनपेक्षा काही फास्ट नाही' ही तक्रार बहुधा रिलीज बिल्ड (वेगासाठी सुधारलेला प्रोग्राम) न करता घड्याळ लावणाऱ्यांची असते. चुका तपासायला मात्र रस्टच्या बिल्ड-साधनाचा 'कार्गो चेक' पुरे, दर वेळी पूर्ण बिल्ड नको. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रस्ट-ॲनालायझर (एडिटरला चुका व सूचना पुरवणारं साधन) आणि ब्राउझर एकत्र धापा टाकतात, आणि बिल्डचा टार्गेट फोल्डर बघता बघता काही जीबींचा होतो.

नोकरी बदलण्यासाठी शिकत असाल तर आमचं मत 'नको' असंच. सर्व्हिस कंपन्यांच्या रोजच्या जावा, पीएचपी, रिॲक्टच्या कामात तिला जागा कमी. नवी बॅकएंड भाषाच हवी तर गो लवकर हातात बसते. संथ पायथन सुधारण्यासाठी मात्र जरूर घ्या, पण सगळा प्रोग्राम नव्यानं लिहू नका. अडणारं एकच फंक्शन पायओथ्री (पायथन आणि रस्ट जोडणारी लायब्ररी) आणि मॅच्युरिन (त्याचं पायथन पॅकेज बनवणारं साधन) वापरून रस्टमध्ये हलवा. तेही मोठी यादी एकदाच आत पाठवून, कारण पायथनमधून लाख वेळा हाक मारली तर येण्याजाण्यातच सगळा फायदा खर्च होतो. शिकलेलं लवकर शिळं होत नाही: २०१५ च्या १.० पासून जुना कोड मोडायचा नाही हे धोरण आहे, आणि जुन्याशी न जुळणारे बदल २०१८, २०२१, २०२४ अशा आवृत्त्यांत येतात.

नाहीच जमलं तर 'रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल'. टार्गेट फोल्डर आणि सी++ टूल्स तेवढे हातानं काढावे लागतील.