देणी जास्त, पैसे कमी: वाटप कोणत्या रीतीने करावं?

माणूस गेला, आणि मागे राहिलेल्या पैशांत सगळी देणी फिटत नाहीत. तारण ठेवलेलं कर्ज बाजूला ठेवा, तो हिशोब वेगळा. उरलेल्यांसाठी तीन रीती आहेत.

आकडे तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातले घेऊ. मृताच्या तीन विधवांचं येणं 100, 200 आणि 300. शिल्लक फक्त 200. प्रमाणात वाटलं तर साधारण 33, 67 आणि 100. सरसकट सारखं वाटलं, तर प्रत्येकी 67च्या आसपास. तालमूदचं उत्तर मात्र 50, 75, 75. हे कोडं ऑमन आणि माश्लर या गणितज्ञांनी 1985 साली उलगडलं: पैसे सारखे वाटत जायचं, ज्याचं निम्मं येणं फिटलं तो थांबतो, सगळ्यांचं निम्मं फिटूनही पैसे उरत असतील तर बुडीत रक्कम (म्हणजे ज्याचं जितकं फिटणार नाही ती) त्याच पद्धतीने वाटायची.

कागदावर मला हीच रीत सगळ्यात देखणी वाटते. लहान येणेकऱ्याच्या तोंडाला पानं पुसली जात नाहीत.

पण मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाची देणी मिटवायला बसलो, तेव्हा यादी अजून पक्की व्हायची होती. "सगळ्यांना सारखंच देऊ" असं कुणीतरी बोललं मात्र, एक माल पुरवणारे दोन बिलबुकं घेऊन हजर. एक स्वतःच्या नावाचं, दुसरं वहिनींच्या. मालाची गाडी एकच, हमालही तेच! वरच्या उदाहरणात 300वाल्याने आपलं येणं 150-150 असं फोडलं, तर सारख्या वाटपात त्याचे 67चे 100 होतात, तालमूदच्या रीतीत 75चे 100. प्रमाणात वाटलं, तर कितीही तुकडे करा, 100 ते 100च. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

लहानांवर अन्याय होतो, हे थोडंफार खरं. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 यातही साध्या देण्यांसाठी प्रमाणशीर वाटपच आहे (कलम 323), आणि त्याआधी अंत्यविधीचा खर्च, मग मजूर-कारागीर-घरगड्यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांची मजुरी काढून ठेवायची असते. आमच्या हमालांचे पैसे त्यातच सुटले.

तुमच्याकडे येणेकरी दोन-तीनच असतील, सगळे घरचे असतील, तर तालमूदची रीतही शोभेल. बाहेरचे असतील तर मी प्रमाणच धरेन. फक्त त्यात रक्कम फुगवून सांगणाऱ्याचा फायदा होतो, म्हणून प्रत्येक आकडा खातेवहीशी ताडून घ्या, आणि यादी पक्की होईपर्यंत कुणालाही दमडी देऊ नका.