लहान जिरायत रानासाठी तूर: बीडीएन ७११ की बीएसएमआर ७३६?

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे हे दोन्ही वाण मी आमच्या मध्यम खोलीच्या जिरायत रानात घेतले आहेत. दोन्ही सरळ (संकरित नसलेले) वाण असल्यामुळे घरचे बियाणे ठेवता येते आणि एकरी काही किलोच बियाणे लागते. त्यामुळे बियाण्याचा दर हा निवडीचा मुद्दा ठरत नाही. पीक रानात किती दिवस उभे राहते, यावर मात्र लहान शेतकऱ्याचा बराचसा हिशेब अवलंबून असतो. ७११ साधारण १५० ते १६० दिवसांत काढणीला येते, तर ७३६ ला १७५ ते १८० दिवस लागतात.

भारी जमीन असेल आणि फुलोऱ्यात व शेंगा भरताना एखादे पाणी देता येत असेल, तर ७३६ चे झाड चांगले पसरते आणि उतारा समाधानकारक देते. वांझ रोगाच्या (ज्यात झाड हिरवे राहते पण त्याला फुले-शेंगा धरत नाहीत) बाबतीतही हा वाण मला अधिक भरवशाचा वाटला. परंतु पाण्याची सोय नसलेल्या रानात परतीचा पाऊस थांबल्यावर ओल झपाट्याने कमी होते आणि नेमक्या त्याच काळात ७३६ च्या शेंगा भरायच्या असतात. अशा वर्षी शेंडयाकडचे दाणे बारीक राहिलेले मी पाहिले आहेत; ७११ मात्र तोवर बरेचसे भरलेले असते.

तरीही माझा निर्णय उताऱ्यावरून झाला नाही, तो राखणीवरून झाला. ७३६ घेतले, तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेजारच्या तुरी निघून जातात आणि शिवारात आपले एकट्याचेच हिरवे रान उरते. मग मोकाट जनावरे, रोही आणि रानडुकरे यांचा सगळा रोख त्याच रानाकडे वळतो. मोठ्या शेतकऱ्याला त्यासाठी गडी ठेवणे परवडते. दोन-तीन एकरवाल्याच्या घरातले माणूसच रात्री जागते आणि दुसऱ्या दिवशी त्याची कापूस वेचणीची मजुरी बुडते. ही बुडालेली मजुरी कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात धरलेली नसते. ती धरली, तर एखाद्या पोत्याच्या जास्तीच्या उताऱ्याचे समाधान फारसे उरत नाही. ७११ च्या शेंगा एकाच वेळी पक्व होत असल्यामुळे काढणीही एका दमात उरकते, मजूर पुन्हा बोलवावे लागत नाहीत.

दराबाबत ठाम सांगणे अवघड आहे. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. ७११ ची तूर पांढरी आणि ७३६ ची लाल असली, तरी हमीभावात तसा भेद नाही. खुल्या बाजारात आमच्याकडे पांढऱ्या तुरीला कधी कधी थोडा अधिक दर मिळतो, आणि आवक वाढण्याआधी माल नेता आल्यास त्याचाही काहीसा उपयोग होतो.

तूर कपाशीत आंतरपीक म्हणून घ्यायची असेल, तर मात्र माझे म्हणणे थोडे बदलेल. कपाशी जानेवारीपर्यंत उभीच असते, राखण तिच्यासाठीही करावीच लागते, आणि तेथे ७३६ चे जास्तीचे दिवस फारसे खटकत नाहीत.

निव्वळ तूर किंवा सोयाबीनमधील तूर घेणाऱ्या जिरायत शेतकऱ्याने मात्र ७११ चा विचार आधी करावा, असे मी सुचवेन. मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीकरण होते आणि लहान रानात शेजारच्या तुरीपासून पुरेसे अंतर राखता येत नाही. म्हणून बियाणे रानाच्या मधल्या भागातून घ्यावे, त्यात लाल दाणे दिसू लागले की प्रमाणित बियाणे नव्याने आणावे.