सांगली-कोल्हापूर रेल्वेचा लेडीज डबा, 5 पैकी 3 स्टार

कॉलेजच्या, नवीन जॉबला लागलेल्या पोरी सारखं विचारतात की लेडीज डब्यात बसू का जनरलला, म्हणून लिहितेय. बिनधास्त लेडीजला बसा. मिरजेला गर्दी चढली की जनरलमध्ये धक्का लागल्याचं निमित्त करून अंगाला हात लावायचा जो प्रकार चालतो त्यातून सुटका होते, बॅग छातीशी धरून अंग चोरून बसावं लागत नाही, हीच फार मोठी गोष्ट आहे. भाजीवाल्या मावशी, नर्सिंगच्या पोरी सगळ्यांशी ओळख होते, एखादी दिसली नाही की लगेच तिला फोन जातो.

आता 2 स्टार का कापले ते. हा डबा बऱ्याच गाड्यांना गार्डच्या डब्याला लागून असतो म्हणजे प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, आणि लहान स्टेशनांवर तिथपर्यंत ना शेड ना धड लाईट. संध्याकाळी तिथं एकटीनं थांबायला नको वाटतं, मग सगळ्या मधेच थांबतात आणि गाडी आली की पळत सुटतात.

आणि पुरुष चढतात ते चढतातच. परवा जयसिंगपूरला एक जण चढला, दार अडवून उभा, बायको आत आहे म्हणे. शेवटी एका मावशीनं भाजीची पाटी खाली ठेवली, "वर काय लिवलंय दिसत न्हाई व्हय रं? उतर खाली!" मग आम्ही सगळ्याच उठलो तेव्हा कुठं हातकणंगल्याला उतरला.

पण रोज मावशींनीच का भांडायचं? रेल्वे कायदा 1989, कलम 162, असा घुसला तर 500 रुपयांपर्यंत दंड, वर तिकीट-पास जप्त, बायको सोबत असली तरी. रेल्वेचा हेल्पलाईन नंबर 139 सेव्ह करून ठेवा, सुरक्षेचा जुना 182 नंबर 2021 पासून यातच घेतलाय. फोन लागला की 1 दाबा, गाडी नंबर, डबा आणि पुढचं स्टेशन आधी सांगा, बाकीची स्टोरी नंतर.

अंगाला हात लावला असेल तर मात्र 500 वर मिटवू देऊ नका, त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 74 आहे, कमीत कमी 1 वर्ष शिक्षा. मिरजेला लोहमार्ग पोलिसांकडं तक्रार द्या, एकटीनं जाऊ नका, डब्यातल्या एक-दोघींना साक्षीला घेऊन जा, कुणी नसलं तर मला सांगा, मी येते.