चौथी-पाचवी-सहावी एकाच वर्गात : दोन वर्षांनंतरचा माझा रिव्ह्यू

लेकीला चौथीत मॉण्टेसरी शाळेच्या मिश्र वर्गात घातलं तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतल्या मैत्रिणी, अगदी रिक्षावाले काकासुद्धा विचारतात की तीन इयत्ता एका खोलीत म्हणजे नक्की शिकवतात काय. आता पाचवी संपली, दोन वर्षं पूर्ण झाली, तेव्हा एकदाचं सविस्तर लिहिते. शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत. पुण्यातली आहे एवढं पुरे.

तर वर्ग असा की 9 ते 12 वयाची सत्तावीस पोरं, दोन ताई (म्हणजे शिक्षिका), बाकं नाहीत, सतरंज्या आणि बुटकी टेबलं, सकाळी तीन तास घंटा वाजत नाही. आधी गणित मग इतिहास असा तासच नाही. आठवड्याचा वर्क प्लॅन मूल ताईंबरोबर बसून ठरवतं आणि मग स्वतःच्या मर्जीने एकेक काम उरकतं. पहिल्या दिवशी मी हे बघून मनात म्हटलं, संपलं, हिचं आता काही खरं नाही.

पण विषय जसे एकमेकांत शिरतात ते मात्र बघण्यासारखं आहे. वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या गोष्टी सांगतात, विश्व कसं झालं, जीव कसे आले, माणूस कसा आला, मग लिपीची गोष्ट आणि अंकांची गोष्ट, आणि वर्षभराचं सगळं या पाच गोष्टींना लटकवलेलं असतं. पृथ्वीच्या वयाचं एक घड्याळ आहे चार्टवर, सगळा काळ बारा तासांत बसवलेला, माणूस म्हणजे शेवटची केसाएवढी रेघ. आमचं ध्यान घरी येऊन म्हणालं, आई या घड्याळात शिवाजी महाराज कुठे? मी म्हटलं तूच काढ. चार्टवर पृथ्वीचं वय 460 कोटी वर्षं धरलंय आणि बारा तासांचे सेकंद होतात 43,200, मग दोन्हीकडचे दोन-दोन शून्य उडवून 4 कोटी 60 लाख भागिले 432 असा तो अगडबंब भागाकार तिने वहीत हाताने केला, उत्तर एका सेकंदाला साधारण 1 लाख 6 हजार वर्षं. म्हणजे आपली मानवजात जेमतेम तीन सेकंदांची, आणि महाराजांच्या जन्मापासून आजपर्यंतचा काळ म्हणजे एका सेकंदाचे 270 तुकडे केले तर त्यातला एक! रात्री साडेदहाला हे चाललं होतं. आता याला गणित म्हणायचं, विज्ञान म्हणायचं की इतिहास? मला विचाराल तर झोपेचं खोबरं.

दुसरं म्हणजे बाहेर जाणं. ही शाळेची सहल नाही, मुलं स्वतः ठरवतात कुठे आणि कशाला जायचं. हिच्या चार जणांच्या गटाने 'माणसाच्या गरजा' या चार्टवरून पाणी हा विषय घेतला आणि पोचले थेट पेशवाईतल्या कात्रजच्या पाणीयोजनेपर्यंत, तलावातलं पाणी पंपाबिंपाशिवाय नुसत्या उतारावर नळातून पुण्यातल्या हौदांपर्यंत यायचं ती. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं काम, वाटेत हवा खेळायला उच्छ्वास बांधलेत. गटातल्या सहावीच्या मुलाने नकाशा आणि स्केल घेतली, पाचवीच्या दोघी नानासाहेबांच्या मागे लागल्या, चौथीतल्या चिमुकल्याला पीएमटीचे रूट आणि तिकिटाचे पैसे दिले (आता पीएमपीएमएल म्हणतात, आमच्या तोंडात पीएमटीच). परत आल्यावर पारदर्शक पाइपात पाणी भरून पाणी आपली पातळी कशी गाठतं ते सगळ्या वर्गाला दाखवलं. मी पाचवीत असताना पेशव्यांची वंशावळ तोंडपाठ केली होती, पण ते प्यायचे काय हा प्रश्न मला तरी कधी पडला नाही.

गणिताची साधनं खरंच भारी आहेत. रंगीत चेकरबोर्डावर मणी मांडून मोठमोठे गुणाकार, भागाकाराला टेस्ट ट्यूबचे स्टँड, आणि एक छिद्रांची पाटी ज्यात खुंट्या खोचून वर्ग करतात. 24 चा वर्ग म्हणजे 20 चा चौकोन 400, बाजूला 80-80 चे दोन आयत, कोपऱ्यात 16, झाले 576. आपण आठवीत ए प्लस बी होल स्क्वेअर घोकलं ते हेच होतं हे मला चाळिशीत कळलं, आणि ते सुद्धा लेकीकडून, तिला सहावीतल्या एका मुलीने शिकवलं होतं.

मिश्र वर्गाची खरी गंमत ही आहे. धाकटी मोठ्यांचं बघून पुढचं उचलतात, आणि मोठ्यांना समजावून सांगावं लागतं म्हणून त्यांचं पक्कं होतं. अर्थात उलटं पण होतं हां, एका सहावीतल्या शहाण्याने धाकट्यांना परिमिती आणि क्षेत्रफळ अदलाबदल करून शिकवलं, आणि दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. सहावीच्या काही पालकांचं म्हणणं असं की फी आम्ही भरायची आणि शिकवायचं पण आमच्याच पोरांनी, त्यांचंही अगदीच चूक नाही.

आता तक्रारी. फी दणदणीत आहे. परीक्षा नाहीत त्यामुळे मूल कुठे आहे ते ताईंच्या निरीक्षण वहीवरून कळतं, आणि ती वही पालकांना वर्षातून दोनदाच दिसते. आमच्या बाईसाहेबांनी पाचवीत अपूर्णांक चार महिने शिताफीने टाळले, दर सोमवारी प्लॅनमध्ये लिहायचे आणि दर शुक्रवारी 'राहिलं', तोवर वनस्पतीच्या पानांचे प्रकार इतके रंगवले की घरात कढीपत्ता निवडायला गेलं तरी हे संयुक्त पान आहे म्हणून ऐकावं लागायचं. मीटिंगमध्ये हे कळलं तेव्हा मी जरा आवाज चढवला. ताई म्हणाल्या लक्षात आहे आमच्या, ती तयार होईल. झाली तयार शेवटी, पण ते चार महिने फुकट गेलेच ना, सांगा. पाढे बाराच्या पुढे डळमळीत. सातवीत बोर्डाच्या शाळेत जायचंय, तासाला घंटा आणि युनिट टेस्ट असणार, तिथे काय होईल ते पुढच्या वर्षानंतर कळेल.

सगळ्यात मोठी तक्रार मराठीची. सगळे विषय एकमेकांत गुंफलेले आणि मराठी बिचारी बाहेर चपलांच्या रॅकपाशी. आठवड्याला दोन तास, वेगळ्या बाई येतात, झेरॉक्स वर्कशीट, 'समानार्थी शब्द लिहा', संपलं. विश्वाच्या गोष्टीपासून पाणीयोजनेपर्यंत सगळं इंग्लिशमध्ये, त्या पेशव्यांवरचा रिपोर्टसुद्धा.

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. पहिल्यांदा वर्ग बघायला आले, दाराशी दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, सूनबाई, ही तर आमची द्विशिक्षकी शाळा, फक्त मण्यांच्या जागी चिंचोके होते आणि फी नव्हती! पहिलीपासून चौथीपर्यंत दोघांनी सांभाळायची, चौथीतलं पोरगं पहिलीचं अक्षर गिरवून घेणार, सगळं तेच. मग घरी चहाबरोबर लेक्चर झालं की मॉण्टेसरीबाई (ही पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मारिया मॉण्टेसरी) 1939 साली भारतात आल्या, महायुद्धामुळे अडकल्या, हे सगळे विषय एकत्र गुंफायचं काम कोडाईकनालला असताना आकाराला आलं, म्हणजे तुम्ही जे परदेशी समजून पैसे मोजताय ते अर्धं इथलंच आहे. आणि आपल्या बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला हेच शंख-शिंपले, बिया, काड्या घेऊन केलं. मी गप्प चहा प्यायले, काय बोलणार.

पण मराठीचा तिढा सुटला (म्हणजे थोडा सुटला) तो त्यांच्यामुळेच. या शाळेत व्याकरणाला चिन्हं आहेत, नामाला काळा त्रिकोण, क्रियापदाला लाल गोळा, विशेषणाला निळा त्रिकोण, प्रिपोझिशनला हिरवी चंद्रकोर, अशी कागदी कापून शब्दावर ठेवायची. लेकीने सुट्टीत मराठी वाक्यावर ठेवायला घेतली. 'मांजर टेबलावर चढलं.' आर्टिकलचा छोटा फिका त्रिकोण लागलाच नाही, तो डबीत परत. मांजर झालं, चढलं झालं, पण 'टेबलावर' वर काय ठेवायचं? इंग्लिशमध्ये ऑन वेगळा असतो, इथे तो टेबलाला चिकटलाय आणि टेबलचं टेबला पण झालंय. आजोबा अक्षरशः खूश झाले, तासभर सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय चाललं, शेवटी ठरलं की चंद्रकोर त्रिकोणाच्या पाठीला डिंकाने चिकटवायची, कारण ती एकटी राहूच शकत नाही.

तो कागद तिने शाळेत नेला आणि वर्गातल्या ताईंनी (मराठीच्या बाईंनी नाही, हे मुद्दाम लिहितेय) आजोबांना बोलावलं. आता दर गुरुवारी ते सतरंजीवर बसतात, गुडघे दुखतात म्हणून पाठीला एक उशी, भोवती तिन्ही इयत्तांची आठ-दहा पोरं. मानधन नाही, चहा मिळतो, तो पण बिनसाखरेचा अशी त्यांची वेगळी तक्रार.

तर रेटिंग पाचपैकी साडेतीन. घालायचं असेल तर चौथीतच घाला, मध्येच पाचवीत घेतलं तर ते धाकटेपणाचं वर्ष हुकतं आणि खरी मजा त्यातच आहे. पहिल्यांदा बघायला जाल तेव्हा मराठीच्या तासाला बसू द्या म्हणा, नुसता मण्यांचा कोपरा बघून भुलू नका. आणि ती निरीक्षण वही दर महिन्याला मागा, नाही म्हणतील, तरी मागा.

गेल्या गुरुवारी 'मांजराने दूध सांडलं' हे वाक्य घेतलं होतं. 'ने' वरून भांडण लागलं, चंद्रकोर चालणार नाही कारण हा शब्दयोगी नाही, विभक्तीचा प्रत्यय आहे, आणि डबीत त्याला चिन्हच नाही. आजोबा म्हणाले तुम्हीच करा एखादं. आता घरभर राणी कलरचे कागदी आकडे पडलेत, छत्रीच्या दांड्यासारखे.